पेशीचा शोध

सतराव्या शतकातील गोष्ट आहे. लंडन शहरातील रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेत प्रयोग करून दाखविण्याचे काम रॉबर्ट हूक नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडे होते. बाटलीचे बूच इतके हलके कसे, ते पाण्यावर का तरंगते आणि दाबून सोडले असता पुन्हा पूर्ववत का होते, असे प्रश्न त्यास पडले. त्याने धारदार चाकूने बुचाचा अतिशय पातळ काप काढला व तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला. पाहतो तो काय! मधमाश्यांच्या पोळ्यात असावीत तशी एकाला एक लागून असंख्य घरे त्यास दिसली. एक घन इंच बुचात अशी १२० कोटींहून अधिक घरे असावीत, असा हिशेब त्याने मांडला. या घरांना त्याने इंग्रजीत ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. मराठीत त्यांनाच पेशी म्हणतात. ही हकीकत त्याच्या १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात आहे.

परंतु बूच म्हणजे एका झाडाची मृत साल. म्हणून हूकला दिसल्या त्या रिकाम्या खोल्या. त्यांत राहणारे केव्हाच नाहीसे झाले होते. हिरव्या वनस्पतींतील खोल्या रसाने भरलेल्या असतात, हेही त्याने पाहिले. पण त्या रसातच जीवनाचे सारे व्यवहार चालतात, ही कल्पना त्यास शिवली नाही.

त्याच सुमारास हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. तो विद्यापीठात गेला नव्हता. डच भाषेखेरीज दुसरी भाषा त्यास येत नव्हती. मात्र भिंगे घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एवढ्याशा मण्याएवढे भिंग तो धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवी आणि ते डोळ्याशी नेऊन तासन् तास निरीक्षण करीत बसे. त्याचे एक भिंग तर वस्तू अडीचशे पटींहूनही मोठी करून दाखवी.

मिरी तिखट का लागते, हे शोधावे म्हणून १६७६ साली त्याने मिऱ्याचे दाणे पाण्यात भिजत घातले. त्यास वाटले होते, मिऱ्याच्या कणांना बारीक काटे असावेत आणि तेच जिभेला टोचत असावेत! काटे काही सापडले नाहीत. पण तीन आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब पाहताच तो थक्क झाला. थेंबात असंख्य इवले जीव वळवळत होते, पोहत होते! त्यांपैकी कित्येकांचे सारे शरीर एकाच पेशीचे असते, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते.

त्याने हे सर्व पत्राने रॉयल सोसायटीस कळविले. तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. एका थेंबात हजारो प्राणी? लेव्हेनहूकने आठ प्रतिष्ठित माणसांना ते जीव दाखवून त्यांच्या साक्षी लिहून पाठविल्या. पण साक्षींनी अशा गोष्टी ठरत नसतात. अखेर हे काम हूककडे आले. त्याने स्वतः मिरी भिजविली. पहिले प्रयत्न फसले. मग नोव्हेंबर १६७७ मध्ये त्याला ते जीव स्पष्ट दिसले आणि सोसायटीच्या सभेत इतरांनीही ते डोळ्यांनी पाहिले. १६८० साली कापडाच्या व्यापाऱ्यास सोसायटीने आपला सभासद करून घेतले. एक गोष्ट मात्र खटकते. आपली उत्तम भिंगे करण्याची रीत लेव्हेनहूकने कोणास शिकविली नाही. १७२३ साली तो वारला, तेव्हा ती विद्याही त्याच्याबरोबर गेली.

पुढे शंभरावर वर्षे हे संशोधन मंद गतीने चालले. १८३० च्या सुमारास निर्दोष भिंगे मिळू लागली आणि त्यास वेग आला. १८३८ साली श्लायडेन या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात असे प्रतिपादन केले. दुसऱ्याच वर्षी त्याचा मित्र श्वान याने प्राण्यांविषयी तेच सांगितले. ओकवृक्ष आणि बेडूक यांची घडण मुळात एकच! पण नवी पेशी येते कोठून? मिठाच्या पाण्यात खडे धरतात तशी ती द्रवातून आपोआप तयार होते, असे त्या दोघांचे मत होते, आणि ते चुकीचे होते.

ही चूक दाखविली बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकने. कोंबडीच्या अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या रक्तपेशी तो पाहत असे. एका पेशीच्या दोन पेशी होताना त्यास दिसल्या. बरीच वर्षे पडताळा पाहून १८५२ साली त्याने सांगितले की, पेशी ही पेशीपासूनच होते. १८५५ साली फिर्खो या नामांकित वैद्यानेही तेच मत एका लॅटिन वाक्यात मांडले. ते वाक्य सर्वतोमुखी झाले; परंतु फिर्खोने रेमाकचे ऋण त्यात मान्य केले नव्हते. रेमाक ज्यू होता आणि धर्म बदलण्यास तो तयार नव्हता. त्यामुळे विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद त्यास अखेरपर्यंत मिळाले नाही. १८६५ साली तो मरण पावला. ते लॅटिन वाक्य पुढील कित्येक वर्षे फिर्खोच्या नावावरच शिकविले गेले.