गिधाडांचा ऱ्हास : कार्यकारणभावाचा एक धडा

मुलांसाठी लिहिलेल्या प्राणिविषयक पुस्तकांत वाघ, हत्ती, मोर हमखास भेटतात; गिधाड क्वचितच. अमंगल ठरवून त्याला गावकुसाबाहेर ठेवले गेले. वास्तविक, प्राणी नामशेष होण्याच्या मार्गाला कसे लागतात व कसे वाचवता येतात, हे शिकवायला गिधाडाइतका बोधप्रद विषय नाही.

१९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने घटू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. कारण २००४ साली उजेडात आले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या गुराचे मांस खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभरात एकाहून कमी मृत गुरांत हे विष असले, तरी एवढा संहार पुरेसा होता. कारण एका गुरावर अनेक गिधाडे जमतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ‘हे असल्याने ते होते’ हा तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद मुलांना याहून सोप्या उदाहरणाने कसा समजवावा?

कारण कळले, की उपायही सापडतो. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली; मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध पर्याय म्हणून पुढे आले. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र चालते. रायगड जिल्ह्यात महाडच्या सिस्केप संस्थेने चिरगावच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरट्यांची झाडे राखली, गिधाडांसाठी अन्नाची सोय केली.

महाडचे नाव येताच इतिहासाच्या अभ्यासकाला १९२७ आठवते. मार्च महिन्यातील परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. मेलेली गुरे ओढण्याचे काम जन्माने लादलेले होते. ते नाकारणे हा माणूसपणाचा हक्क होता. म्हणून एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. गिधाडांसाठी सुरक्षित मृत जनावरे हवीत, हे खरे. परंतु ती वाहून नेण्याचे काम पुन्हा कोणा एका समाजाच्या खांद्यावर येता कामा नये. ते ग्रामपंचायतीचे व नगरपालिकेचे काम आहे. त्यासाठी वाहन, हातमोजे, योग्य वेतन हवे. पक्षी वाचवताना माणसाचा मान गमावणे हे संवर्धन नव्हे.

आपल्या परिसराचाही या धड्याशी संबंध आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. औषधनिर्मितीवर येथील अनेक कुटुंबांचे संसार उभे राहिले. औषध जीव वाचवते, हे आपण जाणतोच. ते गुराच्या शरीरातून पुढे कोठे जाते, हा प्रश्न विचारणारी मुले उद्या पशुवैद्य, रसायनतज्ज्ञ, औषध निरीक्षक व्हावीत.

सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशा अनेक जीवांना अभय दिले. त्या यादीत वटवाघूळही आहे, हे लक्षात घ्यावे. रूप पाहून करुणा वाटून द्यायची नसते. पालकांनी मुलांना वाघाची गोष्ट अवश्य सांगावी. तिच्या शेजारी गिधाडाचीही सांगावी.