मुखवट्यामागचा देव

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतले मुखवट्यांचे विधी पाहायची इच्छा आहे. तसे जवळपास काही आहे का? फोटो काढता येतील का? – एक वाचक, तुर्भे

उत्तर : आहे, आणि तेही फार लांब नाही. होळीनंतरच्या काळात जव्हार-मोखाड्याच्या गावांत बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रंगतो. तुर्भ्याहून ठाणे, तिथून लोकलने कसारा आणि पुढे रस्त्याने खोडाळा-मोखाडा. तिथी मात्र गावागणिक वेगळी, म्हणून आधी गावात विचारून निघावे. संबळाच्या तालावर गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे रात्रभर येतात. एकेका सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो आणि मुखवट्याची आधी पूजा होते. नाटकातली भूमिका अशी वारशाने येत नाही. म्हणून ज्याच्या डोक्यावर मुखवटा, तो त्या वेळी नट नसतो, असे माझे मत आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या एगुनगुन या विधीतही कापडाआडून पूर्वजच अवतरतो, अशी श्रद्धा आहे. बेनिन-नायजेरियातल्या गेलेदे या मुखवट्यांच्या विधीला युनेस्कोने 2001 मध्ये गौरवले, पण मानांकनाने विधीचा खेळ होत नाही.

कोणी म्हणेल, जव्हारचे कारागीर हेच मुखवटे विकतात, मग पावित्र्य कसले? गणपतीची मूर्तीही बाजारातूनच येते; प्राणप्रतिष्ठेनंतर तिला कोणी शोभेची वस्तू म्हणत नाही. विधी उघड्यावर होतो, हाही फोटोचा परवाना नव्हे. पालखीही रस्त्यावरूनच जाते. तेव्हा फोटोसाठी आधी गावकऱ्यांना विचारा, फ्लॅश बंद ठेवा, सोंगाची वाट अडवू नका. आणि शेवटची बस गाठायच्या घाईत निघू नका. जगदंबा-महिषासुराचे युद्ध शेवटी असते.