कुठले फूट?

2019 च्या ऑगस्टमधला तो निरोप मी अजून फोनमधून काढलेला नाही. ‘कोयना धरणाचे वक्र दरवाजे आणखी दोन फुटांनी उचलले. विसर्गात वाढ. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ वर धरणातला साठा टीएमसीत, खाली सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये. निरोप मीच लिहिला होता. सांगलीत विश्रामबागेत मी वेबसाइट आणि अ‍ॅप बनवतो, म्हणून आमच्या मंडळातल्या पोरांनी पुराच्या माहितीचं काम माझ्याकडे दिलं होतं. निरोपाबरोबर मी एक पानही बनवलं: धरणांचे तक्ते, निळे आलेख, नकाशा. आकडे सरकारी पत्रकाशी ताडून घेतले होते, त्यात चूक नव्हती.

मारुती चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या आत्यानं निरोप वाचला आणि शेजारणीला सांगितलं, “दोनच फूट वाढणार म्हणतोय की. आपला उंबरा त्याच्या वर आहे.”

शिलाई मशीन आणि पिको-फॉलला आलेल्या साड्यांचे गठ्ठे खालीच राहिले. पुढं तिला बोटीतून बाहेर काढावं लागलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फूट 6 इंचांवर गेलं. मशीनचं तिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. गिऱ्हाइकांच्या साड्या भिजल्या याचं मात्र लागलं, आणि वर्षभर ती एकेकीची साडी भरून देत राहिली.

माझं कुठं चुकलं हे कळायला मला बरेच दिवस लागले. पुराच्या दिवसांत आपल्याकडे तीन वेगवेगळे ‘फूट’ कानावर पडतात. धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, कोयना भरली की ती 2,163 फुटांच्या वर जाते. दरवाजा किती उचलला तेही फुटांत सांगतात. आणि आयर्विनच्या खांबावर रंगवलेले आकडे, तेही फूटच: 40 ला इशारा, 45 ला धोका. 1929 साली बांधलेल्या या पुलाचे आकडे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगतं. दरवाजा दोन फूट उचलला म्हणजे सांगलीत पाणी किती चढेल, याचं सरळ गणित नाही. पाटण तालुक्यातून सुटलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, बहे, भिलवडी करत खाली येतं, वाटेतला पाऊस त्यात भर घालतो, आणि हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की सांगलीचं पाणी पुढं सरकत नाही. मी ‘फूट’ लिहिलं. कुठले, ते लिहिलं नाही. आत्यानं ते आपल्या उंबऱ्याशी मोजले, आणि दुसरं कोणतं माप तिच्याजवळ होतं?

क्युसेकचंही तसंच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. अभियंत्याला हा आकडा लागतोच, तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण तो निरोपाच्या तळाशी असावा. ‘विसर्ग’ म्हटल्यावर व्याकरणातली दोन टिंबं आठवणारे लोकही नदीकाठी राहतात. जागतिक हवामान संघटनेनं 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा गाभा असाच आहे: हवामान कसं असेल एवढ्यावर थांबू नका, त्यानं काय होईल तेही सांगा. त्या मी फार उशिरा वाचल्या.

‘सतर्क राहावे’ हे दोन शब्द मी आता लिहीत नाही. सतर्क राहून माणसानं नेमकं काय करायचं? सामान माळ्यावर चढवायचं, गाडी उंचावर न्यायची, म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांकडे पोचवायचं? जे करायचं तेच लिहावं, आणि किती वाजेपर्यंत तेही. प्रशासनाची सूचना आम्ही बदलत नाही, फक्त क्रम बदलतो. ‘सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर: आज रात्री 8 च्या आत घर सोडा. औषधं आणि कागदपत्रं बरोबर घ्या.’ गल्लीचं नाव आधी, कारण कुलूपबंद फोनवर पहिली ओळच दिसते. वार, तारीख, वेळ निरोपाच्या मजकुरातच घाला. फॉरवर्ड होत होत कालचा निरोप आज पोचतो आणि माणसं सोडलेल्या गल्लीत परत जातात किंवा नको तिथून पळतात. चित्र करून पाठवू नका. वीज गेलेली, रेंज जेमतेम, अशा वेळी माझे निळे आलेख कुणाच्याच फोनवर उघडले नव्हते, साधी अक्षरं मात्र पोचत होती. शिवाय अक्षरं मोठी करून वाचता येतात, फोनकडून वाचून घेता येतात.

लिहून झालं की शेजारच्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. “समजलं का?” असं विचारू नका, आपल्याकडे माणूस भिडेपोटी हो म्हणतो. “आता तुम्ही काय करणार?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर चुकलं तर निरोप बदला, माणसाला समजावत बसू नका. पूर आल्यावर समजावायला तुम्ही त्याच्या दारात नसता.

2021 च्या जुलैत आयर्विननं पुन्हा पन्नाशी ओलांडली, तेव्हा आमच्याकडे एक वही तयार होती. घराघरांच्या भिंतींवर 2005 आणि 2019 च्या पाण्याच्या रेघा आहेत. त्या बघत, जुन्या माणसांना विचारत आम्ही लिहून काढलं होतं: आयर्विनला अमुक फूट झाले की या गल्लीच्या तोंडाशी पाणी, तमुक झाले की या दारात. इतकी कामं केली, पण त्या वहीइतकं उपयोगी काही माझ्या हातून झालेलं नाही. ती दर वर्षी जूनच्या आधी तपासावी लागते. कुठं भराव पडतो, कुठं गटार बुजतं. यंदा आत्याच्या गल्लीत नवा डांबराचा थर पडलाय. तिच्या घरापुढचा आकडा पुन्हा मोजायचाय.