इंग्रजी बोलणे आणि इंग्रजीतून शिकणे

तिसरी-चौथीच्या वर्गात पाहुणे आले म्हणजे मुले एका सुरात नमस्काराचे इंग्रजी शब्द उच्चारतात. नाव, गाव, इयत्ता विचारली असता धिटाईने उत्तरे देतात व अभिनयासह कविताही म्हणून दाखवितात. हे सर्व इष्ट आहे आणि त्यामागे शिक्षकांचे श्रम असतात. परंतु त्यांपैकीच एखादा विद्यार्थी सहावीत गेल्यावर विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातील परिच्छेद वाचून उत्तर लिहू लागला की अडखळतो. कित्येकदा तो प्रश्नातलेच शब्द उचलून उत्तर म्हणून लिहितो. अशा वेळी ‘मूल मंद आहे’ असा शेरा सहज पडतो. हा शेरा पुष्कळदा चुकीचा असतो, आणि मुलाच्या मनावर त्याचा ठसा मात्र दीर्घकाळ राहतो.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. अनेक शाळांत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्गही चालतात. म्हणून या प्रश्नाचा विचार प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

१. भाषेची दोन कामे

संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला पाहिजे, असे कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले. संभाषणात हावभाव, समोरची वस्तू, बोलणाऱ्याचा सूर यांचे साहाय्य असते. पुस्तकात तसे काही नसते. सर्व अर्थ शब्दांतूनच काढावा लागतो. परदेशातून कॅनडात आलेल्या मुलांना बोलण्यापुरते इंग्रजी सुमारे २ वर्षांत येई, परंतु अभ्यासाच्या इंग्रजीत समवयस्कांची बरोबरी करण्यास ५ ते ७ वर्षे लागत, असे त्यांना दिसून आले. त्या मुलांच्या कानांवर इंग्रजी दिवसभर पडत होते. आपल्या खेड्यातील मुलाला ते बहुधा शाळेतच भेटते. तेव्हा त्याला अधिक अवधी लागला, तर तो त्याचा दोष नव्हे.

२. मराठीचा पाया

वर्णन करणे, कारण सांगणे, तुलना करणे, सारांश काढणे ही कौशल्ये कोणत्याही एका भाषेची मिरास नाहीत. ती एका भाषेत पक्की झाली म्हणजे दुसऱ्या भाषेत नेता येतात. ज्याला मराठीत परिच्छेदातील मुख्य मुद्दा शोधता येतो, त्याला इंग्रजीत केवळ शब्द व वाक्यरचना शिकावी लागते. ज्याला तो मराठीतच शोधता येत नाही, त्याच्यावर दुहेरी ओझे पडते. म्हणून इंग्रजी सुधारण्यासाठी मराठीचा तास कमी करणे म्हणजे भिंत उंच करण्यासाठी पायातील दगड काढण्यासारखे आहे. शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सांगितले आहे. ज्या पाड्यावर घरची भाषा भिली, गोंडी किंवा कोरकू आहे, तेथे प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते, याचेही भान ठेवावे.

३. मुले नेमकी कोठे अडतात

(अ) ओळखीचे शब्द, निराळे अर्थ : ‘टेबल’ म्हणजे मेज हे मुलाला ठाऊक असते, गणितात त्याचा अर्थ पाढा किंवा तक्ता होतो. ‘डिफरन्स’ म्हणजे एरवी फरक, गणितात वजाबाकीचे उत्तर. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकार, ‘ऑड’ म्हणजे विषम, ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घनफळ. शब्द ओळखीचा वाटल्यामुळे मूल विचारीत नाही आणि चूक करते.

(आ) क्रमातील भेद : ‘बारापेक्षा पाच कमी’ यात बारा आधी येतात. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ म्हणताना पाच आधी येतात. मूल ऐकल्या क्रमाने ५ − १२ असे मांडते. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी, तर ‘फॉर्टी सेव्हन’मध्ये चाळीस आधी. ‘एकोणपन्नास’ हा शब्द पन्नासाकडे पाहतो, ‘फॉर्टी नाइन’ चाळिसाकडे. अशी चूक दिसली असता वजाबाकी पुन्हा शिकविण्यापूर्वी वाक्य समजले काय, हे पाहावे.

(इ) जोडणारे शब्द : मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच. इंग्रजीत ‘ऑलदो’ एकटा पुरतो. मूल मात्र त्यापुढे ‘बट’ घालते. ‘अनलेस’ या शब्दात नकार अंतर्भूत आहे. मराठीच्या सवयीने मूल ‘नॉट’ पुन्हा लिहिते आणि अर्थ उलटतो.

(ई) प्रश्नातील आज्ञा : ‘डिस्क्राइब’, ‘एक्सप्लेन’, ‘कंपेअर’, ‘गिव्ह रीझन्स’ या आज्ञांना अनुक्रमे वर्णन, स्पष्टीकरण, तुलना व कारणे अपेक्षित असतात. हा भेद उदाहरणांनी शिकविला नाही, तर मूल चारही प्रश्नांना एकच पाठ केलेले उत्तर लिहिते.

४. नमुना पाठ : बाष्पीभवन (सेमी-इंग्रजी वर्ग)

पूर्वतयारी : सारखी भिजवलेली दोन फडकी, एक उन्हात, एक सावलीत.

पहिली पायरी : कोणते फडके आधी वाळेल, याचा अंदाज मुलांनी मराठीत सांगावा. थोड्या वेळाने पाहून आल्यावर काय दिसले व तसे का झाले, याची मराठीतच चर्चा व्हावी.

दुसरी पायरी : फळ्यावर मोजकेच इंग्रजी शब्द लिहावेत : ‘वेट’, ‘ड्राय’, ‘सन’, ‘शेड’, ‘हीट’, ‘इव्हॅपोरेशन’. प्रत्येक शब्द वस्तू दाखवून म्हणवून घ्यावा.

तिसरी पायरी : अर्धे वाक्य द्यावे : ‘द क्लॉथ इन द सन ड्राइड फर्स्ट बिकॉज...’ उरलेले वाक्य मुलांनी जोडीने, प्रथम तोंडी व मग वहीत, पूर्ण करावे.

चौथी पायरी : त्यानंतरच पुस्तकातील परिच्छेद उघडावा. आशय परिचित असल्यामुळे मुलाचे सर्व बळ भाषेवर लागते.

येथे व्याख्या घोकून घेण्याचा मोह टाळावा. व्याख्या बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला दोरीवरचे धोतर का वाळते हे सांगता येत नसेल, तर पाठ झालाच नाही असे समजावे.

५. मूल्यमापन

एकच प्रश्न दोन दिवसांच्या अंतराने दोन भाषांत विचारावा. मराठीत उत्तर आले व इंग्रजीत आले नाही, तर कल्पना स्पष्ट आहे, भाषा कमी पडते. तेथे शब्द व वाक्यरचना यांचा सराव द्यावा. दोन्हींत आले नाही, तर आशय पुन्हा शिकवावा. इंग्रजीत आले व मराठीत सांगता आले नाही, तर उत्तर पाठ केलेले असण्याचा संभव आहे. उदाहरण बदलून पुन्हा विचारावे. निदान निराळे तसा उपचारही निराळा असतो. विज्ञानाच्या उत्तरातील स्पेलिंगच्या चुका दुरुस्त कराव्यात, परंतु त्यांपायी आशयाचे गुण कापू नयेत.

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असू शकते. त्याला ते सांगण्याची भाषा अद्याप लाभलेली नसते. शिक्षकांनी पुढील शिक्षण परिषदेस येताना अशा एका विद्यार्थ्याची दोन्ही भाषांतील उत्तरे सोबत आणावीत. कोणताही शेरा देण्यापूर्वी ती दोन पाने शेजारी ठेवून वाचण्याची सवय प्रत्येक शाळेत रूढ व्हावी.