ते चाळीस आकडे

विश्रांतवाडी, पुणे
मार्गशीर्षातला गुरुवार

चि. बाळ यास,


परवा रात्री वहिनीचा फोन आला होता. तुझं कौतुक सांगायलाच केला होता तिनं. म्हणाली, "वन्सं, चेंबर दुसऱ्यांना द्यायची वेळ झाली होती आणि 40 ठिकाणचं मोजमाप राहिलं होतं. आपल्या बाळनं ते कॉम्प्युटरवर काढून भरलं, दोन रात्री वाचवल्या. साहेबांनी पाठ थोपटली." मी "वा" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर मला झोप लागली नाही.

वहिनीला यातलं काही कळत नाही, म्हणून ती आनंदात आहे. मी त्याच कामात 31 वर्षं काढली, म्हणून मी घाबरले आहे. विमान कोणतं, बँड कोणता, यंत्रणा काय, यातलं अक्षरही मला कळवू नकोस आणि घरीही असलं बोलत जाऊ नकोस. माझा प्रश्न एकच आहे. ते 40 आकडे रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात गेले? मोजलेल्यांच्या रकान्यात गेले असतील, तर तू चुकला आहेस.

सिम्युलेशनला मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी ते असतं तर आमचे महिने वाचले असते. कुठं बारकाईनं बघायचं, कुठल्या अंशात धोका आहे, हे ते आधीच सांगतं. पण त्यातल्या विमानाला रिव्हेट नसतात. त्याच्या पंखाखालची टाकी कोणी अर्ध्या इंचानं तिरकी बसवलेली नसते. त्याच्या केबलचा जोड कोणी घाईत अर्धा आटा सैल सोडलेला नसतो. खऱ्या विमानात हे सगळं असतं, आणि ते सापडावं म्हणूनच चेंबर बांधतात.

आता चेंबरचंही, म्हणजे बाहेरच्या लाटा अडवणाऱ्या आणि आतल्या शोषून घेणाऱ्या त्या खोलीचंही, खरं सांगते, तुला माहीत असलं तरी. दूरवरच्या रडारची लाट विमानापाशी पोचते तेव्हा ती सपाट झालेली असते. तशी सपाट लाट हवी तर किती अंतर लागतं, ते कागदावर मांड. 15 मीटर लांबीचं विमान, 10 गिगाहर्ट्झ, म्हणजे 3 सेंटीमीटरची तरंगलांबी. लांबीचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले तरंगलांबी. उत्तर 15 किलोमीटर येतं. एवढी खोली जगात कोणी बांधलेली नाही. म्हणजे चेंबर हीच मुळात एक तडजोड आहे. बाहेरचा मोबाइल, टीव्ही, विमानतळाचं रडार आत शिरू नये, आपल्या जॅमरचा आवाज बाहेर कोणी ऐकू नये, आणि आज घेतलेलं माप उद्या तस्संच पुन्हा घेता यावं, म्हणून आपण ती स्वीकारतो. त्या तडजोडीत तू आणखी 40 अंदाज मिसळलेस आणि वर "मोजलं" असं लिहिलंस. लिहिलंस का रे? मला अजून आशा आहे की वहिनीनं ऐकण्यात काही गफलत केली असेल.

अण्णा वजनमाप खात्यात होते. बार्शीच्या बाजारातल्या त्या पोकळ वजनांची गोष्ट तुला पाठ आहे, तुझ्या मुंजीतसुद्धा त्यांनी ती सांगितली होती. त्यांच्या नातवानं हे करावं!

रागावले. पाणी पिऊन आले. आता जे सांगणार आहे ते तुझ्या बाबालाही माहीत नाही.

1986 साल. मी 26 वर्षांची होते. एका विमानाच्या शेपटाचा सांगाडा करून त्यावर खरा पत्रा चढवला होता, आणि त्यावर रडार वॉर्निंग रिसीव्हरची, म्हणजे शत्रूच्या रडारचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची, मागची अँटेना होती. एकेक अंश फिरवायचं, समोरच्या हॉर्नमधून सिग्नल सोडायचा, पेन रेकॉर्डर कागदावर रेघ काढणार. पहाटेचे तीन वाजले होते. चेंबरमधली ती शांतता तुला ठाऊक आहे, आपलाच आवाज तोंडापुढं पडतो. काळ्या सुळक्यांच्या फोमचा तो कोळशासारखा वास. थंडीनं बोटं वळत नव्हती. एका ठिकाणी रेघ एकदम खाली गेली, 12 डीबीनं, आणि पाच-सहा अंश पुढे जाऊन परत वर आली. 12 डीबी म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर आलेला सिग्नल. मला वाटलं, फिरताना केबलचा जोड हलला. पुन्हा मोजायचं तर सगळी मांडणी उतरवून जोड तपासायला लागणार होता, आणि सकाळी आठला दुसरा गट यायचा होता. मी फ्रेंच कर्व्ह घेतला, दोन्ही बाजूंच्या रेघा जोडल्या आणि रिपोर्टमध्ये ती गुळगुळीत रेघ लावली.

केबलचा जोड घट्ट होता. शेपटाच्या उभ्या पात्याच्या कडेवरून परतणारी लाट आणि सरळ येणारी लाट त्या पाच-सहा अंशांत एकमेकींना खात होत्या. कागदानं मला खरं सांगितलं होतं.

चार महिन्यांनी उड्डाण चाचण्या झाल्या. जमिनीवरच्या एका रडारभोवती विमान घिरट्या घालायचं आणि वैमानिक कुठं इशारा मिळतो, कुठं नाही, ते सांगायचा. एका अरुंद पट्ट्यात त्याला काहीच ऐकू आलं नाही. दोष शोधायला तीन आठवडे गेले. त्या मुलाला तीन वेळा जादा उडावं लागलं. बेळगावकडचा होता, मराठीत बोलायचा. शेवटी तो आमच्या खोलीत आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि अगदी साधेपणानं मला विचारलं, "मॅडम, हे इथं मापलं होतं ना?"

मी "हो" म्हणाले.

कोणी मला पकडलं नाही. अँटेनाची जागा थोडी बदलली, दोष गेला, मला बढतीसुद्धा वेळेवर मिळाली. पण ती रेघ मी ओढली हे नंतर कबूल करता आलं असतं. त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी मी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी तशीच घरी यायची. त्या मुलाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्याचा प्रश्न मात्र अजून तसाच ऐकू येतो.

कॅलिफोर्नियात एडवर्ड्स हवाई तळावर बेनेफील्ड चेंबर आहे, तुम्ही सगळे त्याचे फोटो बघता. अख्खं बॉम्बर विमान आत मावतं. 80 फूट व्यासाची फिरती चकती, अडीच लाख पौंड पेलणारी. आम्हीही कौतुकानं आकडेच बघायचो. फार उशिरा मी ते नाव कोणाचं म्हणून शोधलं. डग बेनेफील्ड हे चाचणी वैमानिक होते. 29 ऑगस्ट 1984 ला बी-1 बॉम्बरच्या चाचणी उड्डाणात पंखांचा कोन बदलला, पण तोल सांभाळण्यासाठी टाक्यांमधलं इंधन हलवायचं राहून गेलं. विमान पडलं आणि ते गेले. बरोबरचे दोघे जखमी होऊन वाचले. उडणारी माणसं सगळी अनुभवी होती. एक पायरी राहिली, एवढंच. तुम्ही ज्या चेंबरची स्वप्नं बघता, त्याच्या दारावर त्या माणसाचं नाव आहे.

आणि अंदाजाबद्दल आणखी एक. 1973 च्या युद्धात इजिप्त आणि सीरियाकडे सॅम-6 क्षेपणास्त्रं होती. त्यांचं रडार इस्रायलला नवीन होतं, विमानांतली इशारा यंत्रणा आणि जॅमर त्यासाठी तयार नव्हते. पहिल्याच दिवसांत विमानं पडू लागली. आपण यंत्रणेला जे शिकवलं नाही ते तिला येत नाही. सिम्युलेशनचंही तेच. तुझ्या 40 ठिकाणी त्यानं तुला तेच सांगितलं जे तुम्ही आधी त्याला सांगून ठेवलं होतं. तिथं नवीन काही लपलं असेल तर ते कसं दिसणार? कदाचित काहीच नसेल. कदाचित सगळे 40 आकडे बरोबर निघतील. तरीसुद्धा मोजल्याशिवाय ते मोजलेले होत नाहीत.

चेंबरची वेळ मिळवायला किती मारामारी असते ते मला माहीत आहे. एका गटाचं विमान बाहेर निघत नाही तोवर दुसऱ्याचं दाराशी उभं असतं. तारीख वरून ठरलेली असते, ती का ठरली हे कोणी सांगत नाही. त्या घाईत तू झोपला नसशील, जेवलाही नसशील. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा बरं वाटलं असेल, ते वाटायलाच हवं, तुझ्या वयात मलाही वाटलं असतं. तू लबाड नाहीस. लहानपणी कॅरममध्ये सोंगटी चुकून हलली तर तू स्वतःहून सांगायचास आणि मग रडायचास. तोच तू आहेस, हे मी विसरलेली नाही.

तर आता एवढं कर. उद्या साहेबांकडे जा. कोणाला दोष देऊ नकोस, स्वतःचीही फार निंदा करू नकोस. सांग की 40 ठिकाणचे आकडे गणिताने काढलेले आहेत आणि रिपोर्टला तसं शुद्धिपत्र जोडायचं आहे. प्रत्येक आकड्यापुढं खूण कर. चेंबर पुन्हा मिळाला तर आधी शेपटाकडचे अंश घे, पाती आणि टाक्या जिथं आड येतात ते. साहेब चिडतील, एखादवेळेस तुझं नाव मागंही पडेल. पडू दे. आणि त्यांनी ऐकलंच नाही, तर तारीख घालून लेखी दे आणि एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेव.

आणि या पत्रातली माझी गोष्ट बाबाला सांगायची की नाही, ते तू ठरव. मला आता चालेल.

तुला आठवतं, लोहगावला 2002 मध्ये नवी सुखोई-30 एमकेआय आली तेव्हा तू माझ्याकडे सुट्टीला होतास? गच्चीवरून उतरायला तयार नव्हतास, वहिनीनं ताट वर आणून दिलं होतं. ती विमानं अजून माझ्या डोक्यावरून जातात. मी भाजी निवडत असले तरी जाताना मोजते आणि परत येताना मोजते, सवयच लागली आहे. प्रत्येकात दोन मुलं. कोणाच्या विमानात कोणी मोजलेली अँटेना आहे, त्यांना काय माहीत? ती बसतात आणि जातात.

आज सकाळी चार गेली. तुझं पत्र लिहिताना मधेच उठून खिडकीशी गेले, चारही परत आली.

फोन कर. रागावून नव्हे, नुसता आवाज ऐकायला. रविवारी दुपारी मी घरीच आहे.

तुझी,
आत्या

ता. क. चेंबरमध्ये गार असतं म्हणून अर्ध्या बाह्यांचा स्वेटर विणला आहे, निळा. त्याबरोबर डिंकाचे लाडू आणि गोडा मसाला पाठवते आहे. लाडू गटातल्या सगळ्यांना दे, पण चार तुझ्यासाठी आधी बाजूला काढून ठेव.