'तबुला': फळी, पाटी आणि कायदा

आपण ज्याला टेबल म्हणतो, त्या शब्दाचे मूळ लॅटिन 'तबुला' या शब्दात आहे. तबुला म्हणजे मुळात लाकडाची फळी. रोमन मुले मेण लावलेल्या फळीवर अणकुचीदार लेखणीने लिहीत आणि तिच्या चपट्या टोकाने मेण सारखे करून अक्षरे पुसत. 'तबुला रासा' म्हणजे अशी खरवडून कोरी केलेली पाटी. पुढे हिशेब, मृत्युपत्र, ग्रहगणिताची कोष्टके यांनाही हेच नाव मिळाले. केप्लरने १६२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रहकोष्टकांच्या लॅटिन नावातही हा शब्द आहे.

परंतु या शब्दाचे खरे मोल आम्हांस रोमच्या 'बारा फळ्यां'त दिसते. त्यापूर्वी रोममधील कायदा लेखी नव्हता. तो उच्चकुलीन पॅट्रिशियनांच्या, विशेषतः त्यांच्यातील पुरोहितांच्या स्मरणात असे. न्याय मागणाऱ्या सामान्य प्लिबियनास नियम कळे तो त्यांच्याच मुखातून. हे चित्र आमच्या वाचकांना अपरिचित वाटू नये. कायदा लिहून चारचौघांत लावा, अशी प्लिबियनांची मागणी होती. परंपरेनुसार इ.स.पू. ४५१ मध्ये दहा जणांच्या मंडळाने दहा फळ्या सिद्ध केल्या. पुढील वर्षी दुसऱ्या मंडळाने आणखी दोन जोडल्या.

हा कायदा दयाळू मुळीच नव्हता. कबूल केलेले कर्ज फेडण्यास ३० दिवसांची मुदत असे. त्यानंतर धनको ऋणकोस बेड्या घालून नेई आणि अखेरीस टायबर नदीपलीकडे विकूही शके. शेवटच्या दोन फळ्यांत तर पॅट्रिशियन व प्लिबियन यांच्यातील विवाहास बंदी होती. मग लिहून काय साधले? स्मरणातील रूढी सांगणाऱ्याच्या सोयीने बदलते. फळीवरच्या ओळीकडे मात्र बोट दाखवता येते. विवाहबंदी इ.स.पू. ४४५ मध्येच कानुलेयस या प्लिबियनांच्या प्रतिनिधीने मांडलेल्या कायद्याने उठली.

तरीही दाव्यात उच्चारावयाची ठरीव वाक्ये आणि न्यायालयाचे दिवस पुरोहितांनी आपल्याकडेच राखले होते. इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लेव्हियस याने तेही जाहीर केले. तो दास्यमुक्त माणसाचा मुलगा होता.

मूळ फळ्या आज उरलेल्या नाहीत. नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे हाती आहेत. सिसेरोच्या बालपणी मुले हा कायदा पाठ करीत. त्याच्या उतारवयात ती प्रथा मोडली होती, असे तो नोंदवतो.