वयोगटांची आखणी आणि खेळाडूचा विकास : बाल बेसबॉलचा अभ्यास

क्रीडाधोरणाची चर्चा बहुधा पदके, क्रीडांगणे आणि अर्थसंकल्पातील तरतूद यांभोवती फिरते. ‘चौदा वर्षांखालील’, ‘सतरा वर्षांखालील’ असे वयोगट कशासाठी आखले जातात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक कोणत्या मुलाला संधी मिळणार, कोणाच्या शरीरावर किती भार पडणार आणि कोण खेळ सोडून जाणार, हे बऱ्याच अंशी या आखणीवरून ठरते. या दृष्टीने अमेरिकेतील लहान मुलांच्या बेसबॉलचा आठ दशकांहून अधिक काळाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

लिटल लीगची रचना

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. फटका मारणारा खेळाडू चार बेसना फेरी घालून धाव पूर्ण करतो. प्रौढांच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट, तर पिचर व फलंदाज यांच्यातील अंतर ६० फूट ६ इंच असते. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे अवघ्या तीन संघांनिशी ‘लिटल लीग’ सुरू केली. मुलांच्या पावलांचा अंदाज घेऊन त्यांनी बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे प्रौढांच्या दोन-तृतीयांश ठेवले. मुलाने मैदानाला पुरे पडण्याऐवजी मैदानच मुलाच्या मापाचे करावे, हे या व्यवस्थेचे मूळ तत्त्व होय.

लिटल लीगचे प्रमुख विभाग पुढीलप्रमाणे आहेत :

• टी-बॉल : ४ ते ७ वर्षे. खुंटीवर ठेवलेल्या चेंडूस फटका मारावयाचा असतो.
• मायनर : ५ ते ११ वर्षे.
• मेजर : ९ ते १२ वर्षे. बेसमधील अंतर ६० फूट, चेंडूफेकीचे अंतर ४६ फूट.
• इंटरमीजिएट : ११ ते १३ वर्षे. ही अंतरे अनुक्रमे ७० व ५० फूट.
• ज्युनियर : १२ ते १४ वर्षे.
• सीनियर : १३ ते १६ वर्षे. येथे मैदान प्रौढांच्या मापाचे असते.

या विभागांच्या वयोमर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अकरा वर्षांचे मूल आपल्या कौशल्यानुसार आणि शारीरिक वाढीनुसार मायनर, मेजर किंवा इंटरमीजिएट यांपैकी कोणत्याही विभागात खेळू शकते. वयाची चौकट निश्चित, परंतु तिच्या आत लवचीकता, असा हा समतोल आहे.

भाराची मर्यादा

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा पूर्णपणे कठीण झालेली नसते. चेंडू वेगाने फेकताना कोपराच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. पूर्वी पिचरवरील मर्यादा डावांच्या संख्येत मोजली जाई. परंतु एकाच डावात कोणी दहा, तर कोणी चाळीस चेंडू फेकतो. त्यामुळे ते माप फसवे होते. लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची संख्या हेच माप स्वीकारले. त्यानुसार ७-८ वर्षांच्या मुलास दिवसात ५०, ९-१० वर्षांच्या मुलास ७५, ११-१२ वर्षांच्या मुलास ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्या मुलास ९५ चेंडूंची मर्यादा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या पिचरने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू फेकल्यास त्याला चार दिवसांची विश्रांती बंधनकारक ठरते.

या नियमांना वैद्यकीय संशोधनाचा आधार आहे. अलाबामा राज्यातील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोर पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली. वर्षातील आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक चेंडूफेक करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, तर दंड थकलेला असतानाही नियमितपणे फेकत राहणाऱ्यांत ती ३६ पट आढळली. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत बालखेळाडूंनी वर्षातून किमान चार महिने चेंडूफेक पूर्णतः थांबवावी, अशी शिफारस आहे. तथापि, एकच मूल एकाच हंगामात शाळा, स्थानिक लीग आणि खासगी फिरता संघ अशा तिन्ही ठिकाणी खेळत असेल, तर प्रत्येक ठिकाणी नियम पाळला जाऊनही एकूण भार मर्यादेबाहेर जातो. चेंडूंचा एकत्रित हिशेब ठेवणारे कोणी नसणे, हा या व्यवस्थेतील दुर्बळ दुवा आहे.

सापेक्ष वयाचा परिणाम

कोणत्याही वयोगटासाठी वय मोजण्याची एक तारीख ठरवावी लागते. अमेरिकेत अनेक दशके ही तारीख ३१ जुलै होती. साहजिकच १ ऑगस्टला जन्मलेले मूल गटात सर्वांत मोठे आणि पुढील वर्षीच्या ३१ जुलैला जन्मलेले सर्वांत लहान ठरे. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या एक-दशांशाएवढे असते. मोठे मूल उंच व बळकट असल्याने निवडले जाते, त्याला अधिक सराव आणि चांगला प्रशिक्षक मिळतो. कालांतराने हा लाभच ‘गुणवत्ता’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेत जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण जुलैमध्ये जन्मलेल्यांपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे आढळले आहे. लिटल लीगने ही तारीख पुढे बदलली आणि २०१८ च्या हंगामापासून ती ३१ ऑगस्ट आहे. मात्र तारीख बदलल्याने लाभ मिळणारा महिना बदलतो, लाभ नाहीसा होत नाही. त्यावरील खरा उपाय म्हणजे निवड उशिरा करणे आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी दार उघडे ठेवणे.

वयाची खोटी नोंद

विजयाला अवाजवी महत्त्व आले की वयाची नोंदच बदलली जाते. २००१ च्या लिटल लीग जागतिक स्पर्धेत न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या संघाचा प्रमुख पिचर बारा नव्हे, तर चौदा वर्षांचा असल्याचे नंतर सिद्ध झाले आणि संघाचे विजय रद्द करण्यात आले. खोटी कागदपत्रे प्रौढांनी तयार केली. जगासमोर मान खाली घालण्याची वेळ मात्र मुलावर आली.

भारताच्या संदर्भात

भारतात शालेय स्पर्धा प्रामुख्याने १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. २०१९ मध्ये पुणे येथे झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत १७ व २१ वर्षांखालील गट होते. वयाच्या खोट्या नोंदींविरुद्ध केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाने २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता जाहीर केली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांची परिपक्वता ठरविणारी टीडब्ल्यू-३ पद्धती अवलंबिली. मात्र ही चाचणी शरीराची परिपक्वता दर्शविते, जन्मतारीख नव्हे. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या परिपक्वतेतही मोठा फरक असू शकतो. म्हणून जन्माची वेळेवर व अचूक नोंदणी हाच अधिक भक्कम पाया होय. जन्म-मृत्यू नोंदणी (सुधारणा) अधिनियम, २०२३ अन्वये १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशादी कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. ही मुले स्पर्धांच्या वयात येतील, तेव्हा क्रीडाक्षेत्रालाही त्याचा उपयोग होईल.

समारोप

वयाची पडताळणी आवश्यक असली तरी तेवढ्याने खेळाडू घडत नाही. वयोगटाबरोबर मैदानाचे माप, भाराची मर्यादा, सक्तीची विश्रांती आणि उशिरा उमलणाऱ्या मुलांना पुन्हा संधी, या चार गोष्टी जोडल्या गेल्या तरच तो विकासाचे साधन ठरतो. बाराव्या वर्षी जिंकलेल्या करंडकापेक्षा ते मूल विसाव्या वर्षी निरोगी खांद्याने खेळते आहे काय, ही युवा क्रीडाधोरणाच्या यशाची अधिक योग्य कसोटी होय.